बर्फ तडकल्याचा आवाज लिहून दाखवा : एका स्ट्रीमिंग सेवेला खुले पत्र

प्रति,
व्यवस्थापन आणि तक्रार निवारण अधिकारी,
आमच्या घरातून जिची वर्गणी चार वर्षं भरली जाते ती स्ट्रीमिंग सेवा

विषय : ‘फार्गो’ मालिकेची सबटायटल्स, कापलेले शेवट आणि न सांगता काढून घेतलेले तीन सीझन

महोदय,

गेल्या दोन महिन्यांत तुमच्या ॲपवरचा तक्रारीचा फॉर्म मी तीनदा भरला. तिन्ही वेळा एकच मजकूर आला. अभिप्रायाबद्दल आभार, तो संबंधित विभागाकडे पाठवला आहे. त्यापुढे एक ओळ नाही. म्हणून आता हे सगळ्यांच्या समोर लिहिते आहे. तुमचं नाव घेत नाही, कारण यातल्या बऱ्याच सवयी इतर सेवांनाही लागलेल्या आहेत आणि हे त्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आधी माझा या सगळ्याशी काय संबंध ते सांगते. माझे बाबा पोलिसात होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. सहा वर्षांपासून त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. श्रवणयंत्र लावलं की भांड्यांचे, पंख्याचे आवाज डोक्यात घुमतात आणि माणसांचे शब्द तेवढे हाती लागत नाहीत, म्हणून यंत्र कपाटात पडून आहे. बाबा टीव्ही वाचतात. रात्रीची जेवणं झाली की मी आणि ते बसतो, हिंदी सबटायटल्स लावतो आणि एक भाग पाहतो. त्यांच्या दिवसातली ही एकच वेळ अशी आहे की त्यांना कुणाला ‘काय म्हणालास?’ असं विचारावं लागत नाही.

‘फार्गो’ मी पूर्वीच पाहिली होती. नोआ हॉली यांनी लिहिलेली ही मालिका २०१४ साली अमेरिकेत एफएक्स वाहिनीवर सुरू झाली आणि त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट मिनी सीरिजचा एमी पुरस्कार तिला मिळाला. प्रत्येक सीझनची गोष्ट वेगळी, काळ वेगळा. पहिल्या सीझनमध्ये मिनेसोटातलं बेमिजी हे छोटं गाव आहे, २००६ सालचा हिवाळा आहे, आणि लेस्टर नायगार्ड नावाचा एक विमा विकणारा, शब्द गिळत बोलणारा, सगळ्यांचं ऐकून घेणारा माणूस आहे. दवाखान्यात त्याची गाठ लॉर्न माल्व्हो या भाडोत्री मारेकऱ्याशी पडते आणि तिथून एकामागून एक मुडदे पडायला लागतात. या सगळ्याचा छडा लावते मॉली सॉल्व्हरसन, तिथली एक साधी पोलीस अधिकारी. तिचा साहेब व्हर्न थर्मन पहिल्याच भागात मारला जातो. त्याच्या जागी आलेला बिल ऑस्वाल्ट हा लेस्टरचा शाळेपासूनचा ओळखीचा, त्यामुळे ‘आपला लेस्टर असं करूच शकत नाही’ यावर त्याची गाडी अडलेली. मॉली पुरावा आणते, तो बाजूला सारतो. ती पुन्हा आणते.

बाबांना मॉली आवडणार हे मला माहीत होतं. पण इतकी आवडेल असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या भागानंतर ते तिला ‘आपली पोरगी’ म्हणायला लागले. ‘हिचा साहेब वाईट नाही गं, त्याला बघवत नाही म्हणून तो डोळे मिटतोय. असे साहेब मी पाहिलेत,’ असं म्हणाले. तीस वर्षं स्टेशन डायरी लिहिलेला माणूस सोफ्याच्या कडेला येऊन बसला होता. हे मी पुष्कळ दिवसांनी पाहत होते. तुम्ही त्यात कुठे कुठे खोडा घातलात ते आता सांगते.

सगळ्यात मोठी तक्रार सबटायटल्सच्या भाषेची.

या मालिकेतली भीती सभ्यपणात आहे. त्या भागात नॉर्वे-स्वीडनहून आलेल्या लोकांची वस्ती जुनी, नायगार्ड हे आडनावही तिकडचंच. त्या लोकांच्या बोलण्याला अमेरिकेत ‘मिनेसोटा नाइस’ असा शब्दच आहे. आवाज चढवायचा नाही, तोंडावर नाही म्हणायचं नाही, प्रेत समोर असलं तरी आधी हवापाण्याची चौकशी. हसू येतं ते यातून, आणि अंगावर काटा येतो तोही यातूनच. पहिल्या भागात डुलूथमध्ये रात्री गस ग्रिमली हा पोलीस माल्व्होची गाडी अडवतो. गस एकटा, घरी लहान मुलगी. माल्व्हो आवाज जराही न चढवता, एखाद्या पाहुण्याला रस्ता समजावून सांगावा तसा, त्याला सुचवतो की तुम्ही आपल्या गाडीत जाऊन बसा, मला जाऊ द्या, काही रस्त्यांनी जाऊ नये. जुन्या नकाशांवर इथे ड्रॅगन आहेत असं लिहिलेलं असायचं. आता लिहीत नाहीत, म्हणजे ड्रॅगन नाहीत असं नव्हे. आणि गस त्याला जाऊ देतो. ही एक माघार त्याला पुढे सबंध सीझनभर पोखरत राहते.

तुमच्या हिंदी सबटायटल्समध्ये माल्व्हो पहिल्या वाक्यापासून ‘तू’ आहे. ‘तू जा’, ‘तू समझ ले’. अहो-जाहो कुठे करायचं आणि अरे-तुरे कुठे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. ज्याने हे भाषांतर केलं (माणसाने केलं असेल तर) त्याने दृश्य पाहिलंच नसणार, नुसती वाक्यं समोर आली आणि केली. बाबा वाचून म्हणाले, ‘हा तर नाक्यावरचा गुंड आहे. याला घाबरून पोलीस परत कसा जाईल?’ त्यांना गस भेकड वाटला. मी दृश्य थांबवलं, वहीवर लिहून दाखवलं की बाबा, तो ‘आप’ म्हणतोय, अगदी गोड बोलतोय. त्यांनी ते वाचलं, मागे नेऊन दृश्य पुन्हा पाहिलं आणि मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. एका सर्वनामाने माणूस बदलून गेला. असं प्रत्येक भागात चार-पाच वेळा झालं. वही भरत आली आहे.

दुसरी गोष्ट पडद्यावर लिहिलेल्या मजकुराची. पहिल्या सीझनच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला पांढऱ्या अक्षरांत काही ओळी येतात : ही सत्यकथा आहे, घटना मिनेसोटात २००६ साली घडल्या, वाचलेल्यांच्या विनंतीवरून नावं बदलली आहेत, मृतांचा मान म्हणून बाकी सगळं घडलं तसंच सांगितलं आहे. यातलं काहीही खरं नाही. ज्या १९९६च्या चित्रपटावरून मालिकेने नाव आणि सूर घेतला, तिथूनच हा खोटा दाखला चालत आलाय. मालिका तुमच्याशी पहिला खेळ इथे खेळते. या ओळींचं भाषांतर तुमच्याकडे नाही, आणि वर ‘इंट्रो वगळा’ हे बटण नेमकं त्यांच्यावर येऊन बसतं. मी ओळी वहीत मराठीत उतरवून बाबांना दिल्या. ते म्हणाले, ‘पंचनाम्यासारखं लिहिलंय. असं लिहिलं की कुणी शंका घेत नाही.’ लेखकाला जे हवं होतं ते त्यांना बरोबर कळलं. पण ते तुमच्या सबटायटलमधून कळायला हवं होतं.

लेस्टरच्या तळघरातल्या भिंतीवर एक पोस्टर आहे, त्याचंही तेच. सगळे मासे एकीकडे पोहताहेत, एकच उलट दिशेला. खाली लिहिलंय, तुमचं बरोबर असेल आणि त्यांचं चूक असेल तर? बायकोचा खून केल्यावर लेस्टर आपणही हल्ल्यात सापडलो असं भासवण्यासाठी याच भिंतीवर डोकं आपटून घेतो. एका ओळीचं ते पोस्टर म्हणजे त्या माणसाचा सबंध सीझन आहे. तेही कोरं.

तिसरी तक्रार लिहिताना मला त्रास होतो आहे.

त्या तळघरात एक जुनं वॉशिंग मशिन आहे. ते फिरायला लागलं की धडाधड आपटतं. लेस्टरची बायको त्यावरून त्याला बोलते, त्याचा भाऊ किती कर्तबगार आहे ते ऐकवते. खुनाच्या आधीचा तो सगळा ताण त्या आवाजात साठलेला आहे. बाबांना तो आवाज नाहीच. त्यांना दिसला एक माणूस, जो मशिनजवळ उभा राहून अचानक हातोडा उचलतो. आणि शेवटच्या भागात, माँटानामधल्या गोठलेल्या तळ्यावर लेस्टर पळतो, मागे पोलीस, आणि बर्फ तडकायला लागतो. तो आवाज कानाला आधी कळतो, डोळ्यांना मागाहून. आपण जागच्या जागी ताठ होतो, कारण लेस्टरही ताठ झालेला असतो. बाबांसाठी पडदा रिकामा होता. लेस्टर थांबला आणि मग खाली गेला. बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘तो थांबला का मध्येच?’

‘(बर्फ तडकतो)’. कंसातले दोन शब्द. इंग्रजी सबटायटल्समध्ये आवाजांच्या अशा नोंदी तुम्ही देता, मी तपासून पाहिलं. हिंदीत देत नाही. म्हणजे ज्याला इंग्रजी वाचता येतं त्याच्या बहिरेपणाची तुम्ही सोय केलीत आणि ज्याला येत नाही त्याची केली नाहीत. मराठी सबटायटल्सबद्दल तर मी बोलतच नाही, ती नाहीतच.

आणि हे कुठल्या मालिकेच्या बाबतीत? जिच्यात रेंच नावाचं एक पात्र कर्णबधिर आहे, रसेल हार्वर्ड या कर्णबधिर अभिनेत्याने ते केलंय, आणि कुणी त्याची कीव करत नाही. तो मारेकरी आहे, चांगला माणूस मुळीच नाही. पण तो पडद्यावर आला त्या रात्री बाबा पुढे सरकून बसले आणि त्याच्या हातांकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, ‘याचं काही अडत नाही.’ अशा मालिकेचे आवाज तुम्ही बहिऱ्या माणसाला लिहून दाखवत नाही.

चौथं, शेवट. भाग संपायच्या आधीच तुम्ही पडदा आक्रसून कोपऱ्यात नेता आणि पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात लावता. इतर मालिकांमध्ये मी हे सोसलं आहे. इथे नाही सोसवत. तिसऱ्या सीझनच्या अखेरीला तपास करणारी ग्लोरिया बर्गल आणि गुन्हेगार व्हार्गा एका खोलीत समोरासमोर बसलेत. ती म्हणते, आता दारातून माझे लोक येतील आणि तुला घेऊन जातील. तो म्हणतो, कुणीतरी वरचा येईल आणि मला सोडून देईल. दोघांच्या चेहऱ्यांवरचा उजेड कमी होत जातो, दार दिसतं, आणि अंधार. दार उघडलं की नाही हे प्रेक्षकाने स्वतःपाशी ठरवायचं, म्हणून तो अंधार दिलेला आहे. २०१७ पासून लोक त्यावर वाद घालताहेत, कुणी म्हणतं न्याय झाला, कुणी म्हणतं व्हार्गासारखे सुटतातच. मी पहिल्या बाजूची आहे. तुमच्या ॲपवर त्या अंधाराच्या जागी एका स्वयंपाकाच्या स्पर्धेचा ट्रेलर सुरू झाला.

चौथ्या सीझनच्या शेवटी तर श्रेयनामावली सुरू झाल्यानंतर एक छोटं दृश्य आहे, ज्यात त्या सीझनमधला मुलगा सॅचेल मोठा होऊन कोण झाला ते कळतं. दुसरा सीझन पाहिलेल्याला तिथे धक्का बसतो. तुमच्या ॲपवर ते दृश्य किती जणांपर्यंत पोहोचलं असेल?

दोन लहान गोष्टी पटकन सांगते. भागाच्या वर्णनात खून कुणाचा होतो ते सरळ लिहिलेलं असतं, ते काढा. आणि दुसऱ्या सीझनमध्ये पडदा दोन-तीन चौकटींत विभागून एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी दाखवतात. तिथे सबटायटल खालच्या चौकटीतल्या माणसाच्या तोंडावर येतं, ते वर घेता येतं.

आता शेवटची तक्रार, जिच्यामुळे मी हे पत्र लिहायला बसले.

पहिल्या सीझनमध्ये मॉलीचे वडील, लू, एक छोटं उपाहारगृह चालवतात. तेही जुने पोलीस. १९७९ साली साउथ डकोटातल्या सू फॉल्स शहरात काय झालं याबद्दल ते अधूनमधून बोलतात, पूर्ण कधीच सांगत नाहीत. इतके मुडदे की एकावर एक रचले असते तर दुसऱ्या मजल्यापर्यंत गेले असते, असं काहीसं. माल्व्हो समोर बसलेला असतानाही ते हीच आठवण काढतात. बाबांनी हे डोक्यात ठेवलं. सू फॉल्सला काय झालं असेल, हे त्यांनी मला जेवताना विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला विचारलं. मी म्हटलं, दुसरा सीझन तोच आहे, लू तरुण आहेत, मॉली लहान आहे, पाहूया.

आठ भाग पाहिले. आठव्याच्या शेवटी जंगलातल्या त्या केबिनमध्ये हँझी हा मारेकरी केशभूषा करणाऱ्या पेगीला आपले केस कापायला सांगतो आणि बाहेर लू आणि त्यांचे सासरे हँक येऊन पोहोचतात. नवव्या भागात सू फॉल्स. रविवार होता, बाबा म्हणाले, उरलेले दोन्ही उद्या पाहू, आज डोळे दुखताहेत. सोमवारी रात्री मालिका उघडली तर पहिले तीन सीझन नव्हते. चौथा आणि पाचवा होता, आदले तीन जणू कधी नव्हतेच. सूचना नाही, तारीख नाही, ‘अमुक दिवसापर्यंत उपलब्ध’ अशी ओळ नाही.

हक्कांचे करार संपतात हे मला कळतं. करार संपायची तारीख मात्र तुम्हाला करार केला त्या दिवसापासून माहीत असते. ती आम्हाला सांगायला पैसे पडत नाहीत. माहीत असतं तर मी रविवारी रात्री बाबांना जागवलं असतं.

तुम्ही म्हणाल की ही मालिका पाहणारे थोडे. असतील. तिच्याबद्दल प्रेक्षकांची मतंही एक नाहीत. माझ्या मैत्रिणीने रक्तपात बघवेना म्हणून दुसऱ्या भागात सोडली. कुणाला ती संथ वाटते. १९५०च्या कॅन्सस सिटीतला चौथा सीझन, त्यातली दोन टोळ्यांची गर्दी, मलाही लांबल्यासारखा वाटला. छोट्या गावातली एकमेकांना ओळखणारी माणसं तिथे नाहीत. पाचवा, नवऱ्याच्या मारहाणीतून पळून आलेल्या डॉटचा, मला पहिल्याच्या तोडीचा वाटतो, आणि बाबांना तो दाखवायचा आहे. पण मत बनवायला आधी गोष्ट पूर्ण पोहोचावी लागते. ज्याने माल्व्होला ‘तू’ म्हणताना वाचलं, ज्याने बर्फाचा आवाज ऐकला नाही, ज्याला शेवटचा अंधार मिळाला नाही, तो ही मालिका आवडली नाही म्हणाला तर त्याने कुठली मालिका पाहिली?

आणि संख्येचा मुद्दा इथे लागू होत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमं दिव्यांगांना वापरता यावीत यासाठी क्लोज्ड कॅप्शनिंगचा, म्हणजे संवाद आणि आवाज पडद्यावर लिहून दाखवण्याचा, उल्लेख स्पष्ट आहे. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांसोबत जी आचारसंहिता आहे, तिच्यातही तुमच्यासारख्या सेवांनी दिव्यांगांसाठी सोयी वाढवण्याचे प्रयत्न करावेत असं लिहिलेलं आहे, आणि त्याच नियमांत तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय देण्याची मुदत आहे. माझ्या पहिल्या तक्रारीला दोन महिने झाले.

माझ्या मागण्या अशा आहेत. हिंदी सबटायटल्समध्ये आवाजांच्या नोंदी घाला, आणि पडद्यावरच्या मजकुराचं भाषांतर द्या. भाषांतर दृश्य पाहून करणाऱ्या माणसाकडून करून घ्या आणि त्याचं नाव शेवटी छापा, म्हणजे चांगल्या कामाचं श्रेयही त्याला मिळेल. मराठी सबटायटल्स कधी देणार ते सांगा; पाचही सीझन मिळून ५१ भाग आहेत, एका सीझनपासून सुरुवात करा. श्रेयनामावली पूर्ण दाखवा, जाहिरात हवी असेल तर ती संपल्यावर लावा. कुठलीही मालिका काढणार असाल तर किमान ३० दिवस आधी तारीख तिच्या पानावर लिहा, आणि जो ती अर्धवट पाहतो आहे त्याला वेगळं कळवा.

आणि पहिले तीन सीझन परत येणार असतील तर कधी, येणार नसतील तर तसं, एवढं मला कळवा. बाबा अजून विचारतात. काय झालं ते मी त्यांना सांगू शकते, मला माहीत आहे. त्यांनी ते सांगू दिलेलं नाही, त्यांना पाहायचं आहे.

उत्तर कृपा करून फोनवर देऊ नका. लेखी द्या, हिंदीत किंवा मराठीत, म्हणजे मला ते त्यांच्या हातात ठेवता येईल.

आपली,
एक वर्गणीदार प्रेक्षक